दुसरीच्या मुलांना फ्रेंच शिकवतेय, पण ती बोलतच नाहीत

या वेळचं पत्र एका तरुण शिक्षिकेचं आहे, नाव आणि शाळा अर्थातच देत नाहीये. तिचं फ्रेंच बी२ पर्यंत (युरोपातल्या भाषेच्या सहा पायऱ्यांतली चौथी) झालंय, तीन वर्षं ती अकरावी-बारावीच्या मुलांच्या ट्यूशन्स घ्यायची आणि त्या छान चालायच्या. या जूनपासून ती पुण्याजवळच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत पहिली ते चौथीला फ्रेंच शिकवतेय. आठवड्याला दोन पिरियड, प्रत्येकी ३५ मिनिटांचे, वर्गात ३८ मुलं. ती लिहिते की मुलांना रंग, आकडे, फळं पाठ आहेत पण आपणहून एक वाक्य कोणी बोलत नाही. ओपन हाउसला एका आईने विचारलं, "लहान मुलं तर भाषा पटकन उचलतात ना, मग हा काहीच कसं बोलत नाही?" शाळेला वह्या भरलेल्या हव्यात, युनिट टेस्ट हवी, गॅदरिंगला फ्रेंच गाणं हवं. त्यात एका मुलीचे आजोबा गेटपाशी म्हणाले, "पोरांना धड मराठी येईना आणि तुम्ही फ्रेंच कसलं शिकवताय." ते तिला फार लागलंय. तिने तीन गोष्टी विचारल्यात. माझे उच्चार फ्रेंच माणसासारखे नाहीत म्हणून असं होतंय का, मी मुलांच्या मराठीचा वेळ खातेय का, आणि नोकरी सोडून परत ट्यूशन्स सुरू कराव्यात का.

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. वयाने बरीच मोठी आहे म्हणून सरळ अगं-तुगं करतेय. मीसुद्धा आधी मोठ्या मुलांना फ्रेंच शिकवायचे आणि मग एका शाळेत दुसरीच्या वर्गावर गेले, आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर 'असणे' हे क्रियापद चालवून दाखवलं, ज स्वी, त्यू ए, इल ए असं, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं "टीचर, हे उतरवून घ्यायचं का?" मी हो म्हटलं आणि पुढची वीस मिनिटं सगळा वर्ग खाली मान घालून लिहीत होता. त्या वीस मिनिटांत फ्रेंचचा एक आवाज कोणाच्या कानावर पडला नाही. ते मला कळायला पुढचे चार-पाच महिने गेले, तुला सहा महिन्यांत प्रश्न तरी पडलाय.

आधी त्या आईच्या वाक्याकडे येऊ, कारण माझ्या मते तुझी अर्धी काळजी तिथून आलीये. लहान मुलं भाषा पटकन उचलतात हे आपण सगळेच म्हणतो. पण कुठली मुलं? जी दिवसभर त्या भाषेत असतात ती. वाड्यात किंवा सोसायटीत शेजारी तेलुगू कुटुंब असेल तर आपलं पोर सहा महिन्यांत तेलुगूत भांडायला लागतं, कारण त्याला रोज दोन तास त्या घरातल्या मुलांशी खेळायचंच असतं. तुझ्याकडे काय आहे ते जरा मोजून बघ. आठवड्याला ७० मिनिटं. गॅदरिंगची प्रॅक्टिस, स्पोर्ट्स डे, परीक्षा, सुट्ट्या काढून वर्षाचे फार तर ३२ आठवडे हातात पडतात, म्हणजे साधारण ३७ तास. मोठ्या माणसांचा ए१ चा, म्हणजे पहिल्या पायरीचा, कोर्स सर्वसाधारणपणे शंभर तासांच्या आसपासचा असतो, आणि ती माणसं घरी अभ्यास करतात, पैसे भरलेले असतात, व्याकरण समजतं. तुझी सात वर्षांची मुलं वर्षाला ३७ तास, तेही ३८ जणांत वाटून. ३५ मिनिटांना ३८ ने भागलं तर एकेकाच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा येत नाही गं. यात "तो बोलत का नाही" याचं उत्तर तुझ्या उच्चारांत शोधायचं काही कारणच नाही.

आणि हे नुसतं माझं म्हणणं नाहीये. १९६४ मधे इंग्लंड आणि वेल्समधे सरकारी प्राथमिक शाळांत आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकवायचा मोठा प्रयोग सुरू झाला होता, दहा वर्षं त्या मुलांवर लक्ष ठेवलं आणि १९७४ मधे शेवटचा अहवाल आला. त्यात असं दिसलं की आठव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं आणि अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं सोळाव्या वर्षापर्यंत जवळपास एकाच जागी येतात, लवकर सुरू केलेल्यांची आघाडी टिकते ती फक्त ऐकून समजण्यात. त्या अहवालानंतर तिथे प्राथमिक फ्रेंचचा उत्साहच ओसरला, आणि मग २०१४ पासून इंग्लंडमधे सात ते अकरा वयाच्या मुलांना एक परकी भाषा सक्तीची झाली, बहुतेक शाळा फ्रेंचच घेतात. याच्या अगदी उलट गोष्ट कॅनडाची. १९६५ मधे मॉंट्रियलजवळ सेंट लॅम्बर्ट नावाच्या उपनगरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनी मागे लागून बालवाडीचा असा वर्ग सुरू करून घेतला जिथे सगळा दिवस फ्रेंचमधे चालायचा, तिथून तो प्रकार देशभर पसरला. तिथली मुलं खरंच फ्रेंच समजतात, बोलतात. पण दिवसाला चारच तास धरले तरी तुझे पहिली ते चौथीचे मिळून जे दीडशे तास होतात ते तिकडे आठ आठवड्यांत संपतात! पालकांच्या डोळ्यासमोर कॅनडा असतो आणि शाळेने दिलेले असतात दोन पिरियड, आणि या दोन्हीच्या मधे तू उभी आहेस.

मग या वयात शिकवून उपयोग काय, असं तुला वाटेल. इंग्लंडच्या त्या अहवालात जी एक गोष्ट टिकली ना, ऐकण्याची, तीच मला महत्त्वाची वाटते. सात-आठ वर्षांच्या मुलाला अनोळखी आवाज काढायची लाज वाटत नाही. ओठांचा चंबू करून ऊ म्हणायची तयारी करायची आणि तसंच ठेवून ई म्हणायचं, की तो फ्रेंचमधला 'यू' येतो, हे अकरावीच्या वर्गात सांगितलं की मुलं एकमेकांकडे बघून हसतात आणि पुटपुटतात. दुसरीत अख्खा वर्ग आरशासमोर उभा राहिल्यासारखा करतो आणि घरी जाऊन आजीला पण करायला लावतो. हे जे आहे ते तुझ्या हातातलं खरं भांडवल. पहिली-दुसरीत कान आणि तोंड, तिसरी-चौथीत हळूहळू डोळे आणि हात. वर्षाअखेर मुलाला वीस सूचना कळाव्यात, स्वतःचं नाव-वय सांगता यावं, चाळीसेक शब्द ऐकून ओळखता यावेत आणि फ्रेंचचा पिरियड आहे म्हटल्यावर त्याला बरं वाटावं. पहिलीला एवढं झालं तर मी म्हणेन उत्तम झालं.

आता उच्चार. बी२ झालेल्या माणसाचे उच्चार या मुलांसाठी पुरेसे असतात, फक्त स्वतःचं रेकॉर्ड करून मूळ ऑडिओशी ताडून बघायची सवय ठेव, टीव्ही५मोंद या फ्रेंच वाहिनीच्या साइटवर ए१ पासूनचं भरपूर साहित्य फुकट आहे, वर्गात रोज दोन-तीन मिनिटं तरी दुसऱ्या कोणाचा आवाज ऐकव. फ्रेंच काही फक्त पॅरिसमधे बोलत नाहीत. सेनेगलमधे, कॅनडाच्या क्युबेक प्रांतात, बेल्जियममधे, मॉरिशसमधे बोलतात आणि प्रत्येकाचा सूर वेगळा. घशातून येणाऱ्या त्या 'र' साठी मुलांना गुळण्या करायला लावून थकवू नकोस, जीभ थरथरवून काढलेला आपला र आफ्रिकेत फ्रेंच बोलणारी कितीतरी माणसं वापरतात आणि सगळ्यांना कळतो.

आणि एक सांगू का, तुझी मुलं मराठी असल्याचा या उच्चारांमधे चक्क फायदा आहे, तो बहुतेक शिक्षक घेतच नाहीत कारण फ्रेंच इंग्रजीतून शिकवायची आपली पद्धत पडून गेलीये. फ्रेंचमधला 'त' आणि 'द' हा आपलाच त आणि द आहे, दातांना जीभ लागून येणारा. इंग्रजीच्या सवयीने मुलं 'टेबल' मधला ट लावतात, त्यांना सांग की फ्रेंच माणसाला ट येत नाही, तो म्हणतो 'ला ताब्ल', मग बघ. क आणि प सुद्धा आपल्यासारखेच, इंग्रजीसारखी हवा न सोडता. नाकातले स्वर आपल्याला परके नाहीत, आपण फोनवर "हं... हं..." करत ऐकतो ना, तोच नाकातला आवाज लांबवायचा. वर्गात कोणाच्या घरी मालवणी किंवा कोकणी बोलत असतील तर ती मुलं हे सगळ्यात आधी पकडतील, कोकणीत तर नाकातल्या स्वराने शब्दाचा अर्थ बदलतो.

शेवटची अक्षरं गायब होतात याचं मुलांना फार नवल वाटतं आणि मोठी मुलं त्यावरून वैतागतात. मी त्यासाठी एसटी डेपो वापरायचे. फळ्यावर इंग्रजी स्पेलिंगमधे डेपो लिहायचं आणि विचारायचं की यातला शेवटचा 'टी' कुठे गेला? स्वारगेट डेपो म्हणताना कोणी 'डेपोट' म्हणतं का? मग बुफे, बुके, बॅले, आणि कोणाच्या आजीकडे क्रोशाची सुई असेल तर क्रोशे पण, सगळ्यांतला टी गप्प. हे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून आपल्या घरात आले आणि येताना टी न बोलायची रीत पण घेऊन आले. तिसरीच्या मुलांना हा शोध स्वतः लावल्यासारखा वाटतो, आठवडाभर ती गप्प बसलेली अक्षरं शोधत फिरतात.

इथून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, मराठीचा. आजोबांचं बोलणं तुला लागलं ते मला समजतंय, पण त्यांच्यावर रागावू नकोस. २०२५ मधे पहिलीपासून तिसरी भाषा आणायच्या जीआरवरून राज्यभर केवढा वाद झाला आणि जूनच्या शेवटी सरकारला ते मागे घ्यावं लागलं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. लोकांच्या मनात खरी भीती आहे की लहान पोरांवर भाषांचं ओझं पडतंय आणि त्यात घरची भाषा मागे पडतेय. आणि ही भीती उगीच नाहीये. २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली तरी बऱ्याच ठिकाणी ती कशीबशी उरकली जाते हे तुझ्याही डोळ्यासमोर असेल. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात फ्रेंच, जर्मन, जपानी वगैरे परदेशी भाषांचा उल्लेख आहे तो माध्यमिक टप्प्यासाठी, प्राथमिकसाठी नाही. म्हणजे पहिलीला फ्रेंच ही तुझ्या शाळेची निवड आहे, गरज म्हणून आलेली नाही, आणि आजोबांना प्रश्न विचारायचा हक्क आहे.

तू मराठीचा वेळ खातेयस का हे तुला ठरवता येईल, पण अपराधी वाटून नाही, टाइमटेबल बघून. हे दोन पिरियड आधी कशाचे होते ते ऑफिसमधे विचार. मराठीचे किंवा लायब्ररीचे किंवा मैदानाचे कापून दिले असतील तर मी म्हणेन की मुख्याध्यापकांशी बोल, आणि स्पष्ट बोल, की पहिली-दुसरीला मला एकच पिरियड द्या पण ज्यांचा कापलात त्यांचा तो परत द्या. जादा कॉम्प्युटरचे किंवा जीकेचे असतील तर निवांत रहा.

आणि मराठी ही फ्रेंचची शिडी आहे हे तू वर्गात रोज दाखवू शकतेस. इंग्रजीतून फ्रेंचकडे आलेल्या मुलाला पहिला धक्का बसतो तो वस्तूंना लिंग असण्याचा, खुर्ची बाई कशी? मराठी मुलाला यात काही विशेष वाटत नाही, त्याच्याकडे तो पंखा, ती खुर्ची, ते पुस्तक अशी तीन लिंगं घरचीच आहेत, फ्रेंचमधे उलट दोनच. ती खुर्ची आणि ला शेझ, दोन्हीकडे बाईच. तो सूर्य आणि ल सोलेय, दोन्हीकडे बुवा. पण आपला चांदोबा तिकडे गेला की ला ल्यून, बाई होतो, यावर माझ्या वर्गात एकदा पाच मिनिटं जोरदार चर्चा झालीये, एका मुलाला ते अजिबात मान्य नव्हतं! तू आणि तुम्ही, त्यू आणि वू, हे पण तसंच. आजीला अगं म्हणायचं आणि सरांना अहो हे ज्याला कळतं त्याला फ्रेंचमधला हा भेद समजवायला काहीच लागत नाही. त्यामुळे मराठीच्या बाईंशी मैत्री कर. त्या लिंग शिकवतील त्या आठवड्यात तूही ल आणि ला घे. मुलांना दोन्हीकडून कळेल, आणि ज्या मुलांची मराठी खरंच कच्ची आहे ती तुझ्या वर्गात मराठीकडे नव्याने बघायला लागतील.

मॉरिशसचं उदाहरण मला फार आवडतं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांची वस्ती तिथे आहे, तिथली मुलं घरी क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली बोली बोलतात, प्राथमिक शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच सगळ्यांना असतं आणि ज्यांना हवं ती मुलं पूर्वजांची भाषा म्हणून मराठी घेतात. म्हणजे फ्रेंच आणि मराठी एकाच दप्तरात. आजोबांना हे कधीतरी नक्की सांग.

हे वाचणाऱ्यांत परदेशातले पण असतात म्हणून मधेच एक. क्युबेकमधे १९७७ च्या भाषा कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्या बहुतेक कुटुंबांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच जावं लागतं, तिथल्या मराठी आया विचारतात की आम्ही घरी पण फ्रेंच सुरू करू का. नका करू. शाळा फ्रेंच देणारच आहे, ती तिथे चहूकडे आहे. मराठी मात्र त्या मुलाला तुमच्याशिवाय कोणी देणार नाहीये, तेव्हा घरी गोष्टी मराठीतच सांगा.

परत तुझ्या वर्गाकडे. वाक्य कोणी बोलत नाही म्हणतेस, पण त्यांना वाक्य लागतंय कुठे? रंग आणि फळांची नावं पाठ करून कोणाला काही मागता येत नाही. मुलांना खरोखर हवं असलेलं पहिलं वाक्य म्हणजे बाथरूमला जाऊ का. "ज प आले ओ त्वालेत?" ते दाराजवळ चित्रासकट लाव आणि ठरव की फ्रेंचच्या पिरियडला हे असंच विचारायचं. दोन आठवड्यांत सगळ्या वर्गाला येईल, अगदी गप्प बसणाऱ्यांनाही. मग पाणी, मग "मला नाही मिळालं", मग "त्याने माझी पेन्सिल घेतली". तक्रारींची भाषा मुलं सगळ्यात आधी शिकतात, तिचा उपयोग करून घे.

तुझ्या सूचना मात्र पहिल्या दिवसापासून फ्रेंचमधेच, हातवाऱ्यांसकट. एकूते, रगार्दे, लवे-वू, आसेये-वू, म्हणजे ऐका, बघा, उठा, बसा. रोज तीच, त्याच सुरात. मुलं उत्तर देत नाहीत तोपर्यंत शिकत नाहीत असं समजू नकोस, उठ म्हटल्यावर उठली म्हणजे भाषा आत गेलीये. 'झाक आ दी' हा खेळ त्यासाठीच आहे, झाक म्हणाला नाक धरा तर धरायचं, झाकचं नाव घेतलं नाही तर हलायचं नाही. मैदानावर नेता आलं तर 'अं, द, त्र्वा, सोलेय' घे, एकजण भिंतीकडे तोंड करून मोजतो आणि वळला की सगळे पुतळे, आपल्या स्टॅच्यूसारखंच. ३८ मुलांना एकेक करून उभं करू नकोस, १९ जोड्या कर, दोन मिनिटं सगळ्यांनी एकदम बोलायचं. आवाज होणार, शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधीच सांगून ठेव.

मुलांच्या रोजच्या आयुष्यातून जे येतं ते सगळ्यात जास्त टिकतं. पहिली-दुसरीत दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा दात पडतो. आपल्याकडे दात कौलावर टाकतात, फ्रान्समधे उशीखाली ठेवतात आणि रात्री 'ला पतीत सूरी', छोटीशी उंदरीण, तो घेऊन नाणं ठेवून जाते. एवढी एक गोष्ट सांगितलीस की दात, उंदीर, उशी, रात्र, लहान हे शब्द वेगळे शिकवावे लागत नाहीत. दोन फेब्रुवारीला तिकडे शांदलर असते, त्या दिवशी घरोघरी क्रेप करतात, दिसायला आपल्या घावनाची चुलत बहीण, आणि एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने क्रेप उडवून उलटायची रीत आहे. वर्गात गॅस नको, पण कागदाचा क्रेप उडवता येतो. तुला अजून दोन महिने आहेत, तयारी कर.

वह्यांचं काय करायचं? शाळेला वही हवी ना, मग पहिली-दुसरीत ती चित्रांची वही कर, ऐकून रंगवायचं, ऐकून चिकटवायचं. लिहिणं तिसरीपासून, तेही आधी शंभरदा ऐकलेले शब्द. काही पालक शब्दांखाली देवनागरीत उच्चार लिहून देतात आणि शिक्षक त्यांना ओरडतात. मला यात थोडं वेगळं वाटतं. पालकांना स्वतःसाठी देवनागरी असू दे, इंग्रजी अक्षरांतल्या उच्चारापेक्षा ती कितीतरी जवळची आहे, निदान त आणि ट मधे फरक करते. पण मुलाने ती वाचून पाठ करायला नको, नाहीतर मूल वाचतं आणि कान बंद होतो. टेस्टच्या बाबतीत शाळेला पर्याय दे, नुसता नकार देऊ नकोस. 'मला येतं' अशी एक पानाची यादी कर, बोंझूर म्हणता येतं, पाच रंग ऐकून दाखवता येतात, असं. तू निरीक्षण करून टिक करायचीस, मार्क नाहीत. युरोपात भाषा अशाच 'काय करता येतं' यावर मोजतात, ए१, बी२ हे सगळं त्यावरच उभं आहे. शाळेला नावाजलेलं काही हवंच असेल तर लहान मुलांसाठी देल्फ प्रिम म्हणून परीक्षा आहे, ए१.१ पासून सुरू होते, पण ती चौथी-पाचवीत, ज्यांना हवी त्यांनाच. पहिलीच्या पोराला नको.

पालकांना जानेवारीत एक पत्र लिही, साध्या भाषेत, की वर्षाला ३७ तास आहेत, एवढ्यात एवढं होतं, एवढं होत नाही. आणि त्यात एक विनंती नक्की टाक: पाहुण्यांसमोर "चल, फ्रेंचमधे काहीतरी बोलून दाखव" असं म्हणू नका. कित्येक मुलं त्या एका वाक्याने भाषेला घाबरायला लागतात हे मी पाहिलंय. त्याऐवजी "आज कुठला खेळ खेळलात, मला शिकव" म्हणा.

शेवटचा प्रश्न नोकरीचा. ट्यूशन्समधे पैसे बरे मिळतात, अकरावी-बारावीला फ्रेंच स्कोअरिंग म्हणून घेतात आणि मार्क पडले की तुझं नाव होतं, ते समाधान खोटं नाहीये. पण तू लिहिलंयस ते परत वाच, तुला फ्रेंचचा कंटाळा आलेला नाही, मुलांचाही नाही, तुला पुरावा हवाय की काहीतरी घडतंय. लहान मुलांच्या बाबतीत तो उशिरा मिळतो आणि हे ज्याला सोसत नाही त्याने मोठ्यांना शिकवावं, त्यात कमीपणा काही नाही. माझं म्हणशील तर एप्रिलपर्यंत थांब. शाळेकडे तीन गोष्टी माग: पहिली-दुसरीला लेखी टेस्ट नको, ३५ मिनिटांचे दोन ऐवजी जमल्यास वीस मिनिटांचे तीन-चार तुकडे द्या, आणि गॅदरिंगला गाण्याऐवजी वर्गात खेळतो तोच खेळ स्टेजवर. यातल्या दोन मिळाल्या तर अजून एक वर्ष रहा. एकही नाही मिळाली, वह्याच भरायच्या म्हणाले, तर त्याच शाळेत सहावीपासूनचे वर्ग माग, आणि तेही नाही तर सोड आणि सोडताना मन खाऊ देऊ नकोस.

तोपर्यंत एक काम कर. चौथीला शंभरपर्यंतचे आकडे येतील तेव्हा मुलं अडखळतील, कारण फ्रेंचमधे सत्तर म्हणजे 'साठ-दहा' आणि ऐंशी म्हणजे 'चार-वीस', कात्र-वां. मुलांना ते विचित्र वाटतं. आपल्याकडची जुनी माणसं विसा मोजायची, चार विसा म्हणजे ऐंशी, पाच विसा म्हणजे शंभर. २०१९ मधे बालभारतीच्या दुसरीच्या गणितात त्रेसष्टला 'साठ तीन' म्हणायची रीत आली तेव्हा केवढी चर्चा झाली होती, आकडे बोलायच्या रीती किती असतात हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. गेटपाशी भेटलेल्या त्या आजोबांना विसा नक्की माहीत असणार. मुख्याध्यापकांची परवानगी काढ, आजोबांना फोन कर आणि म्हण की दहा मिनिटं वर्गात येऊन मुलांना चिंचोके घेऊन विसा मोजायला शिकवाल का, मला पुढे फ्रेंचचे आकडे शिकवायचेत. ते आले तर काय झालं ते मला लिहून कळव.